नवा गडी, जुनी वसुली



या व्यासपीठावर विद्वानांनी बोलावे आणि आमच्यासारख्यांनी मागे सतरंजीवर बसून ऐकावे, असा आजवरचा शिरस्ता. आमची शाळा सातवीत सुटली. पुढचे जे काही शिक्षण झाले ते वाचनालयाच्या बाकावर, कामगार कायद्याची पुस्तके चाळताना आणि हमाल बांधवांचे अर्ज लिहिताना झाले. तेव्हा ज्याने विद्यार्थी म्हणून कॉलेजची पायरी कधी चढली नाही, त्याने कॉलेजातल्या रॅगिंगवर काय बोलावे, अशी शंका आपल्यापैकी पुष्कळांना आली असेल. शंका रास्त आहे. तिचे उत्तर भाषणाच्या ओघात मिळेल, आणि ते आम्हांला फारसे भूषणावह नाही, एवढे प्रारंभीच सांगून ठेवतो.

प्रश्न साधा आहे. कॉलेजात, वसतिगृहात, विद्यार्थ्यांच्या मंडळांत नव्याने येणाऱ्याला छळण्याची चाल अजून चालू आहे काय? संस्थाचालकांना विचारावे, तर ते प्रवेशद्वारावरचा फलक दाखवतात आणि 'आमच्याकडे नाही' म्हणतात. पालकांना विचारावे, तर 'आता कायदा झाला, आता कोण करतो?' असे ते आपल्यालाच विचारतात. पहिल्या वर्षाच्या मुलाला विचारावे, तर तो उत्तर देण्यापूर्वी एकदा मागे वळून पाहतो. त्याच्या त्या वळून पाहण्यात उत्तर आले.

फार दूर जायला नको. आपल्या नवापूरच्या पुढे सीमा ओलांडली की गुजरात लागतो. त्या गुजरातेत, पाटणजवळच्या धारपूर येथील वैद्यकीय महाविद्यालयाच्या वसतिगृहात, नोव्हेंबर 2024 मध्ये पहिल्या वर्षाच्या मुलांना वरिष्ठांनी 'ओळख' करून घेण्यासाठी बोलावले आणि सुमारे तीन तास उभे ठेवले. त्यांतला अठरा वर्षांचा एक मुलगा कोसळला आणि दगावला. वडीलधाऱ्यांनी हाडाची काडे करून डॉक्टर व्हायला पाठविलेले ते पोर होते. या प्रकरणी पंधरा विद्यार्थ्यांवर गुन्हा नोंदला गेला. हे पंधराजण दुसऱ्या वर्षाचे होते. 'दुसऱ्या वर्षाचे' हे दोन शब्द आपण ध्यानात ठेवावेत, अशी विनंती आहे. आमच्या भाषणाचा सगळा भार त्यांवर आहे.

आता रूप पालटले आहे हे खरे. पूर्वी उघड्या मैदानात चालत असे ते आता खोलीचे दार लावून चालते. वरिष्ठांपुढे मान खाली घालून शर्टाच्या तिसऱ्या बटणाकडे पाहायचे, केस बारीक कापायचे, दिसेल त्या वरिष्ठाला सलाम करायचा, त्याच्या वह्या उतरवून द्यायच्या, रात्री दोन वाजता फोन आला की खोलीवर हजर व्हायचे. फोनवर मुलांचा गट असतो, त्यात हुकूम येतो आणि सकाळी तो पुसलेलाही असतो. याला रॅगिंग म्हणत नाहीत. 'इन्ट्रो' म्हणतात, 'इंटरॲक्शन' म्हणतात. नाव सोज्वळ केले की पाप धुतले जाते, ही आपली जुनीच समजूत आहे.

आमच्या संघटनेतील एका हमाल बांधवाची गोष्ट सांगतो. तळोदे तालुक्यातला हा माणूस. त्याचा मुलगा इंजिनियरिंगला एका मोठ्या शहरात गेला. घराण्यात दहावीच्या पुढे गेलेला तो पहिला. दिवाळीला घरी आला आणि सुटी संपल्यावर परत जाईना. बाप म्हणाला, अभ्यास जड गेला असेल. आई म्हणाली, बाहेरची बाधा झाली असेल. पंधरा दिवसांनी मुलगा बोलला. 'तू आदिवासी ना, मग नाचून दाखव,' असे म्हणून वरिष्ठ त्याला रोज रात्री अंगावरचे कपडे उतरवून टेबलावर नाचवीत आणि त्याच्या भिलोरी बोलीत पाठ म्हणायला लावून हसत.

बंधुभगिनींनो, आपण अक्कलकुवा तालुक्यातल्या काठीची होळी पाहिली असेल. रात्रभर ढोल वाजतो. बावा बुध्या झालेले गडी अंगावर राखेचे ठिपके काढून, डोक्यावर मोरपिसांचा टोप आणि कमरेला दुधी भोपळे नि घुंगरू बांधून नाचतात. त्यासाठी ते आधी काही दिवस कडक व्रत पाळतात. तो नाच म्हणजे नवस आहे, मान आहे. या मुलाचा बाप स्वतः तसा नाचलेला. तोच नाच पोराकडून टेबलावर उघडा करून घेतला गेला. मुलाने आम्हांला जे सांगितले ते असे : 'मारले असते तरी चालले असते. आता गावात ढोल वाजला की मला ते टेबल दिसते.'

आम्ही बापाला घेऊन त्या शहरी गेलो. कॉलेजचे नाव सांगत नाही, कारण नाव बदलले तरी गोष्ट बदलणार नाही. कचेरीतल्या गृहस्थांनी आम्हांला चहा पाजला आणि म्हणाले, 'लेखी तक्रार द्या, आम्ही चौकशी करू. पण मुलाला इथे चार वर्षे काढायची आहेत, याचाही विचार करा.' वाक्य सभ्य होते. कारखान्याच्या फाटकावर असली सभ्य वाक्ये आम्ही तीस वर्षे ऐकत आलो आहोत. 'युनियन करा, पण पोराबाळांचा विचार करा' याच जातीचे ते वाक्य.

नंतर, या मुलाला नाचवण्यात जो पुढे होता त्याला आम्ही वसतिगृहाच्या दारात गाठले. मनात राग होता. वाटले, कोणा धनवानाचा माजलेला पोरगा असेल. निघाला ऊसतोड कामगाराचा मुलगा. आईबाप कोयता घेऊन सहा महिने फडावर आणि हा वसतिगृहात. आम्ही विचारले, 'बाबा रे, तू असे का केलेस?' तो ओशाळला, आणि मग म्हणाला, 'काका, मागच्या वर्षी मला रात्रभर भिंतीला खुर्ची करून बसवले होते. याला तर नुसते नाचवले.'

हे उत्तर ऐकून आम्ही गप्प झालो. कारण हे वाक्य आम्ही पूर्वी एकदा स्वतः बोललो होतो. आता प्रारंभीच्या शंकेचे उत्तर देतो.

सोळा वर्षांचे असताना आम्ही मिरचीच्या एका गोदामात हमालीला लागलो. नंदुरबारात मिरचीच्या हंगामात काम काय असते हे आपणांस ठाऊक आहे. पथारीवर मिरची वाळते, आणि तिचा खकाणा नाकातोंडात जातो. टोळीचा रिवाज असा की, नवा आला की त्याच्या गमछ्यात तो खकाणा झटकून ठेवायचा. घाम पुसला की डोळे पेटतात आणि टोळी हसते. शिवाय पहिल्या आठवड्याच्या हमालीतून जुन्यांना पार्टी द्यायची, थप्पीच्या अगदी वरच्या थराला नव्यानेच चढायचे, आणि त्याचा आकडा लपवला तर त्याने नखांनी गोणी ओढायची. आम्ही हे सगळे सोसले. हसत सोसले, कारण रडलो तर टोळीतून जाऊ अशी भीती होती.

दोन वर्षांनी धडगावकडचा एक पोरगा आला. त्याच्या गमछ्यात खकाणा आम्ही घातला, दुसऱ्या कोणी नव्हे. तो नळाशी बसून कितीतरी वेळ डोळे धूत होता. शिवी नाही, तक्रार नाही. टोळीतला एक म्हातारा म्हणाला, 'जास्त झाले रे.' आम्ही म्हणालो, 'आमच्या वेळी याहून जास्त होते.' दुसऱ्या दिवशी पोरगा कामावर आला नाही. त्याची दोन दिवसांची हमाली मुकादमाकडेच राहिली. त्याचे नाव आज आठवत नाही, असे म्हणणेही लबाडीचे होईल. आम्ही ते विचारलेच नव्हते. आम्ही त्याला 'नवा' म्हणत होतो.

तेव्हा रॅगिंग का टिकते, या प्रश्नाचे आमच्यापुरते उत्तर हे आहे. ही एक वसुली आहे. जो मार आपण खाल्ला तो आपल्या खात्यावर येणे म्हणून लिहिला जातो. ज्याने मारले त्याच्याकडून वसूल करण्याची छाती नसते, कारण तो अजून आपल्या वर बसलेला असतो. म्हणून ज्याच्याकडे आपले काहीच देणे नाही अशा नव्या माणसाकडून आपण ते वसूल करतो. तोही पुढच्या वर्षी तेच करतो. सावकाराचे कर्ज निदान एका घराण्यात राहते. हे कर्ज दरसाल नव्या घरात जाते, आणि फिटत कधीच नाही.

ही काही आपल्याच देशाची खोड नव्हे. युरोपातल्या मध्ययुगीन विद्यापीठांत नव्या विद्यार्थ्याच्या डोक्याला शिंगे लावीत आणि ती करवतीने कापण्याचा सोहळा करीत. आलेला हा रानटी पशू आहे, त्याला आम्ही माणूस केले, असा त्याचा अर्थ. अमेरिकेत ग्रीक अक्षरांची नावे धारण करणारी मुलांची भ्रातृमंडळे आणि मुलींची भगिनीमंडळे आहेत. 2017 साली पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या अशाच एका मंडळात दाखल होण्याच्या रात्री एकोणीस वर्षांच्या टिमोथी पियाझाला बेसुमार दारू पाजण्यात आली. तो जिन्यावरून पडला, आणि घरात इतके 'भाऊ' असताना दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत कोणी मदत बोलावली नाही. तो वाचला नाही. डिसेंबर 2024 मध्ये त्या देशाने कायदा केला की अशा प्रकारांची नोंद कॉलेजांनी जाहीर केली पाहिजे. म्हणजे श्रीमंत देशातही प्रश्न शिल्लक आहे, आणि लपवाछपवी हेच त्याचे बीज आहे, असे त्यांनाही दिसले.

कोणी म्हणतील, थोड्या थट्टेने बुजरी मुले धीट होतात, जुन्या-नव्यांची मैत्री जमते. या म्हणण्याची परीक्षा 1959 साली ॲरन्सन आणि मिल्स या दोन मानसशास्त्रज्ञांनी केली होती. एका चर्चामंडळात दाखल होण्यापूर्वी काही तरुणींना लाज वाटेल असा मजकूर मोठ्याने वाचायला लावला, काहींना सौम्य मजकूर दिला, तर काहींना काहीच केले नाही. मंडळातील चर्चा मुद्दाम नीरस ठेवली होती. ज्यांनी अधिक लाज सोसली होती त्यांनाच ती चर्चा अधिक चांगली वाटली! याचा अर्थ उघड आहे. आपण इतके सोसले ते फुकट गेले असे मनाला मानवत नाही, म्हणून ज्यासाठी सोसले ते थोर होते असे मन स्वतःला पटवते. तिला मैत्री म्हणणे चूक आहे. 'आम्ही घडलो ते त्यामुळेच' असे सांगणारे मोठमोठे डॉक्टर आणि इंजिनियर भेटतात, तेव्हा आम्हांला हा प्रयोग आठवतो.

आता कायद्याकडे वळू. कायदा नाही अशी स्थिती नाही. महाराष्ट्राने 1999 सालीच रॅगिंगविरोधी कायदा केला. दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड, दोषी ठरलेल्याला कॉलेजातून काढायचे आणि पाच वर्षे कोठेही प्रवेश नाही. तक्रार आल्यापासून सात दिवसांत प्राचार्याने चौकशी करायची, तथ्य दिसल्यास विद्यार्थ्याला निलंबित करून पोलिसांना कळवायचे. जो प्राचार्य हे करणार नाही, त्याने त्या गुन्ह्याला साहाय्य केले असे समजायचे. हे शेवटचे कलम आमच्या फार आवडीचे आहे, आणि आम्ही त्या शहरी कचेरीत तेच वाचून दाखवले. पुढे 2009 च्या मार्चमध्ये हिमाचलातील टांडा येथे अमन काचरू हा वैद्यकीय विद्यार्थी वरिष्ठांच्या मारहाणीत मरण पावला, तेव्हा देश हादरला. त्याच वर्षी विद्यापीठ अनुदान आयोगाने नियम केले आणि 1800-180-5522 ही फुकट फोनची सोय झाली. 2016 साली त्या नियमांत भर पडली. जात, धर्म, बोली, जन्मगाव, गरिबी यांवरून कोणाला छळणे किंवा वाळीत टाकणे हेही रॅगिंगच, असे स्पष्ट झाले.

हा शेवटचा बदल आपल्या जिल्ह्यासाठी लिहिला असावा असा आहे. 2011 च्या गणतीप्रमाणे आपल्या जिल्ह्यात शंभरांतले सुमारे एकोणसत्तर लोक आदिवासी आहेत. आमची मुले बाहेर शिकायला जातात ती आडनाव, बोली आणि शिष्यवृत्तीचा अर्ज बरोबर घेऊन. डॉ. पायल तडवी आपल्या शेजारच्या जळगावची. तडवी भिल्ल समाजातली ही मुलगी मुंबईच्या नायर रुग्णालयाशी जोडलेल्या महाविद्यालयात स्त्रीरोगशास्त्राचे पुढचे शिक्षण घेत होती. 22 मे 2019 रोजी, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, तिने वसतिगृहात जीवन संपवले. तीन वरिष्ठ महिला डॉक्टरांनी जातीवरून छळ केला, कामापासून दूर ठेवले, असा तिच्या कुटुंबाचा आरोप. त्यावरून अटक झाली, आरोपपत्र दाखल झाले. दोष ठरवणे न्यायालयाचे काम आहे, ते आम्ही आमच्या हाती घेत नाही. परंतु एक गोष्ट सांगणे प्राप्त आहे. रुग्णालयात वरिष्ठ हा नुसता वरिष्ठ विद्यार्थी नसतो, तो कामाचे वाटप करणारा मुकादमही असतो. कोणाला शस्त्रक्रिया शिकायला उभे करायचे आणि कोणाला कागद भरत बसवायचे हे ज्याच्या हाती, त्याची थट्टाही थट्टा राहत नाही. तेथे नव्या माणसाची भाकरी त्याच्या मुठीत असते.

मग एवढे कायदे असून हे थांबत का नाही? कारण हे सारे कायदे एका माणसाची वाट पाहत बसतात. तो म्हणजे तक्रार करणारा. आणि तक्रार कोणी करायची? तर सर्वांत नवा, सर्वांत एकटा, सर्वांत गरीब जो आहे त्याने! वेठीच्या सालदाराला 'तू मालकाविरुद्ध अर्ज कर' असे सांगण्यासारखेच हे आहे. शहाद्याकडे सत्तरच्या दशकात अंबरसिंग सुरतवंती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सालदारांना एकेकट्याने अर्ज करायला सांगितले नाही. त्यांनी माणसे एकत्र बसवली. एकट्याची तक्रार ही कागदाची असते. दहांची तक्रार ही वस्तुस्थिती होते, आणि वस्तुस्थितीला फोडणीच्या तेलासारखे उकळून संपवता येत नाही.

त्या शहरी आम्ही तेच केले. त्या मजल्यावर पहिल्या वर्षाची अकरा मुले होती. रात्री त्यांना एकत्र बसवले. तोपर्यंत प्रत्येकाला वाटत होते की छळ आपलाच होतो आहे. अकरांपैकी सही चौघांनी केली, पण चार सह्या पुरल्या. कचेरीतले गृहस्थ या खेपेला चहा विसरले. चौकशी सात दिवसांत झाली, दोघे निलंबित झाले. आमच्या हमाल बांधवाचा मुलगा परत गेला आणि आज तो तिसऱ्या वर्षाला आहे.

येथे भाषण संपवले असते तर टाळ्या घेऊन गेलो असतो. परंतु मागच्या उन्हाळ्यात तो मुलगा भेटला, तेव्हा आम्ही त्याला विचारले, 'दुसऱ्या वर्षी तू काय केलेस?' तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, 'मी कोणाला नाचवले नाही. पण बाकीचे नाचवत होते तेव्हा मी तिथेच उभा होतो. हसलो नाही, एवढेच.' एवढेच! बंधुभगिनींनो, साखळी तुटते ती पहिल्या वर्षाला नव्हे, दुसऱ्या वर्षाला. पहिल्या वर्षाच्या मुलाच्या हाती काही नसते. दुसऱ्या वर्षाच्या मुलाच्या हाती पहिल्यांदाच थोडी सत्ता येते. 'माझे येणे मी सोडून दिले' असे त्याने म्हटले, तर हा व्यवहार त्याच दिवशी बुडीत खाती जातो.

हे त्याला कोण शिकवणार? आमच्या खानदेशातच त्याचे उदाहरण आहे. 1924 साली साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक झाले आणि छात्रालयाची जबाबदारी त्यांच्याकडे आली. मुले शाळेत गेली की गुरुजी त्यांच्या खोल्या झाडीत, पसारा आवरीत, अंथरुणे नीट करीत. छात्रालयाचा प्रमुख झाडू हाती घेतो हे पाहिल्यावर, मोठ्या मुलाने धाकट्याला 'माझी खोली झाड' म्हणून कसे सांगावे? पुढे हेच गुरुजी अमळनेरच्या गिरणी कामगारांत उभे राहिले. आम्हांला ही दोन कामे वेगळी वाटत नाहीत.

म्हणून या नगराला तीन गोष्टी सुचवतो. एक : दरसाल कॉलेजे उघडण्यापूर्वी, बाहेरगावी शिकायला जाणारी मुले आणि त्याच शहरांत आधीपासून शिकणारी आपली मुले यांना एका संध्याकाळी एकत्र बसवावे. हीच जागा त्याला पुरेशी आहे. मोठ्या मुलाने चारचौघांत धाकट्याचे नाव विचारावे आणि आपला नंबर द्यावा. दोन : तक्रारीची वेळ आली तर बाप एकटा जाऊ नये. चार शेजारी, एक शिक्षक, एक वकील बरोबर जावेत. सहायता क्रमांकावर फोन मुलानेच करावा असेही नाही, पालकही करू शकतात. तीन : फोनवर मुलाला 'अभ्यास कसा चालला आहे?' एवढेच विचारू नये. 'जेवायला कोणाबरोबर बसतोस?' असेही विचारावे. या प्रश्नाचे उत्तर द्यायला मुलाला वेळ लागला, तर दुसऱ्या दिवशीची एस.टी. पकडावी.

शेवटी आमच्या गोदामाचे सांगतो, म्हणजे हिशेब पुरा होईल. पुढे संघटना झाली तेव्हा पहिला ठराव मजुरीचा झाला, आणि दुसरा नव्या गड्याचा. नव्याला पहिल्या दिवसापासून सारखा वाटा. थप्पीच्या वरच्या थराला पाळीपाळीने चढायचे. आणि पहिली गोणी त्याच्या पाठीवर देताना टोळीतल्या सर्वांत जुन्या हमालाने हात लावायचा आणि त्याचे नाव विचारायचे. आज त्या टोळीत सर्वांत जुने आम्हीच आहोत. दरवेळी नवा पोरगा आला की आम्ही नाव विचारतो. एक नाव विचारायचे राहून गेले आहे, ते काही आता मिळायचे नाही.